नेम नव्हता

भोंगा वाजला तेव्हा चेंडू हवेत होता. उडी मारलेल्या वहिनीच्या बोटांवरून तो गेला, रिंगच्या कडेवर डळमळला आणि जाळीतून खाली पडला.

हॉलमधले सगळे एकदमच बोलायला लागले.

बास्केटबॉलचा अंतिम सामना होता आणि परिचारिकांचा संघ दोन गुणांनी मागे. ही बास्केट तीनची धरली तर चषक त्यांचा; दोनची धरली तर बरोबरी आणि जादा वेळ. फाउल होऊन होऊन त्यांच्या चौघीच उरल्या होत्या, त्यातली एक लंगडत होती.

चेंडू टाकणारी, वहिनीची धाकटी नणंद, तीनच्या रेषेबाहेर तोंडावर हात ठेवून उभी होती. दोघी एकाच वॉर्डात कामाला आणि एकाच घरात राहायला.

समोरच्या संघाचा प्रशिक्षक तरातरा आला. "हा शॉट नव्हताच. पास चुकला तिचा. चुकलेल्या पासचे कसले गुण?"

मुख्य पंच तिशीतली बाई होती. अंतिम सामना तिला पहिल्यांदाच मिळाला होता. तिने चेंडू काखेत धरला आणि नणंदेला जवळ बोलावलं. "नेम धरला होतात?"

"हो म्हण," मागून कर्णधार कुजबुजली.

नणंदेने तोंडावरचा हात काढला. "नाही. पास होता. वहिनीला."

कर्णधाराने कपाळावर हात मारून घेतला.

"तुमचा हात लागला?" पंचाने वहिनीला विचारलं.

"कुठला लागतोय. वीतभर वरून गेला."

दुसरे पंच म्हणजे सर. शिट्टी कशी धरायची इथपासून सगळं मुख्य पंच बाईला त्यांनीच शिकवलेलं. आज शेवटचा शब्द तिचा होता, तरी हॉल त्यांच्याकडेच बघत होता. ते तिला बाजूला घेऊन म्हणाले, "दोन दे. अपघाताने पडलेल्या बास्केटचे दोनच असतात. जादा वेळ खेळू देत, कुणी नावं ठेवणार नाही."

सरांचा शब्द तिने आजवर खाली पडू दिला नव्हता.

"सर, तो नियम चेंडू आपल्याच बास्केटमध्ये पडला तर. तेव्हा दोन, आणि तेही समोरच्यांना. हा पडलाय समोरच्यांच्या बास्केटमध्ये, रेषेबाहेरून सुटून, कुणाचा हात न लागता. टाकणारीच्या मनात काय होतं, ते नियम विचारत नाही."

"मग तू कशाला विचारलंस?"

"न विचारता तीन दिले असते, तर लोक म्हणाले असते, पासाला शॉट म्हणून खपवलं. आता कुणाला तसं म्हणता येणार नाही."

सर गुण लिहिणाऱ्यांनाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "बरोबर आहे. माझी गल्लत झाली."

तिने दोन्ही हात वर केले, दोन्हींची तीन तीन बोटं उघडी. शेजारी सरांचेही हात वर गेले. फलकावरचा आकडा पालटला आणि परिचारिकांनी हॉल डोक्यावर घेतला. लंगडणारी लंगडायचं विसरली.

गर्दीतून वाट काढत नणंद वहिनीपाशी पोचली. तिचे डोळे भरून आले होते.

"वहिनी, पास खरंच तुला होता गं."

वहिनीने तिला जवळ ओढून घट्ट धरलं.

"मिळाला," ती म्हणाली.