खऱ्या गोळ्या

सोमारीने बुधरीच्या डब्यातल्या गोळ्या पदरात ओतल्या आणि घरून आणलेल्या गोळ्या त्यात भरल्या. रंग तोच, आकार तोच. या डब्यावर बुधरीच्या नातवाचं, लालसूचं नाव. सोमारीच्या घरच्या डब्यावर तिच्या पोरीचं, दिव्यानीचं. बाकी काडीचा फरक नाही. सगळं गाव पहाटेच मोहफुलं वेचायला गेलेलं. सोमारी तेवढी डोकं दुखतं म्हणून मागे राहिली होती. बुधरीच्या दाराला कुलूप कधी नव्हतंच.

दोन्ही पोरांना सिकलसेल. हाडं ठणकू लागली की दिव्यानी अशी किंचाळायची की सोमारीला जीव नकोसा व्हायचा. म्हणून तर अहेरीहून माधवी डॉक्टरीणबाई नवं औषध घेऊन आल्या, तेव्हा ती सगळ्यांच्या पुढे जाऊन उभी राहिली. पण बाईंनी भलतंच सांगितलं. जुन्या गोळ्या सगळ्यांना चालूच राहतील. नव्या मात्र अर्ध्या पोरांना खऱ्या, अर्ध्यांना नुसत्या पिठाच्या. औषध लागू पडतं की नाही, ते असंच कळतं म्हणे.

"मंग खऱ्या कोणाले?" सोमारीने विचारलं.

"चिठ्ठ्या टाकून ठरलं. मलासुद्धा माहीत नाही."

चिठ्ठ्या म्हणे! बुधरीचा भाचा पवन याच बाईंची जीप चालवतो. त्याच्या मावशीच्या घरी पीठ जाईल होय? आणि नव्या गोळ्या सुरू झाल्यापासून लालसू एकदाही विव्हळला नव्हता. सोमारी काही दूधखुळी नव्हती.

दुपारी फुलांची टोपली डोक्यावर घेऊन बुधरी थेट सोमारीच्याच दारात आली. हिला कळलं की काय?

"दिव्यानी कशी हाय?" बुधरीने टोपली उतरवली.

"काऊन विचारून राह्यली?"

बुधरीने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज बारीक केला.

"कोणाले सांगू नको, बाई. पवनच्या वशिल्यानं आमालेच खऱ्या भेटल्या असतीन, असं मले वाटलं. तुई पोर रडते, तं माह्या गळ्याखाली घास उतरत नाई. म्हून काल तू रानात होती, तवा आमच्या गोळ्या मी तुह्या डब्यात टाकल्या, अन् तुह्या गोळ्या लालसूले नेल्या."