तांब्यावरचा अंगठा

कप्पा रिकामा होता. वर्नाने मखमलीवरून हात फिरवला, शेजारचे दोन कप्पे ओढून पाहिले. बाकीची नाणी जागच्या जागी होती. १८५१चा तांब्याचा अमेरिकन सेंट तेवढा नव्हता, आणि दारात तिच्या नवऱ्याची, हार्लनची गाडीही नव्हती. काल रात्री तो फोनवर लँकेस्टरच्या नाणीवाल्या स्टाउफरला म्हणत होता, "त्या डागाचं आता काहीतरी करायलाच हवं." तेव्हा तिने लक्ष दिलं नव्हतं. आता आठवलं आणि तिने आपल्या गाडीची किल्ली उचलली.

डाग म्हणजे एडीचा अंगठा. एडी त्यांची एकुलती एक लेक, डाग पडला तेव्हा नऊ वर्षांची. तो सेंट म्हणजे हार्लनचा जीव की प्राण. दीडशे वर्षांचं तांबं, पण टांकसाळीतून कालच निघाल्यासारखं लाल. तपासणाऱ्यांनी सत्तरपैकी सहासष्टचा दर्जा देऊन प्लास्टिकच्या डबीत सीलबंद केलेला. मात्र जुन्या तांब्याच्या वेड्यांना सीलबंद डबीतलं नाणं बघवत नाही. हार्लनने डबी फोडून नाणं कप्प्यात ठेवलं, आणि त्यावरची वेणीवाली बाई बघायला एडीने ते उचललं. महिन्याभरात बाईच्या गालावर इवलासा तपकिरी अंगठा उमटला, अगदी रेघन्‌रेघ.

"हजार डॉलर गेले तुझ्या अंगठ्याखाली, बाईसाहेब!" हार्लन कडाडला होता. पोर पुढे कितीतरी दिवस घरात हात पाठीमागे धरूनच वावरली. त्याच हिवाळ्यात ती तापाने गेली.

याला बारा वर्षं झाली. तेव्हापासून हार्लनच्या तोंडी तिचं नाव नाही. तो कामावर गेला की वर्ना कप्पा उघडायची, त्याचंच भिंग डोळ्याला लावायची आणि त्या रेघा बघत बसायची. एडीच्या कपड्यांना आता तिचा वासही राहिला नव्हता. पोरीची म्हणून एवढीच खूण उरली होती, आणि बाप ती पुसायला निघाला होता. कशासाठी, तर दर्जा वाढावा म्हणून!

लँकेस्टरपर्यंत गाडी कशी हाकली ते तिचं तिलाच ठाऊक. दुकानात शिरली तर नको तेच समोर. हिरव्या फडक्यावर सेंट, शेजारी डाग काढायच्या अॅसिटोनची बाटली, आणि वर वाकलेले दोघं. तिने झडप घालून नाणं मुठीत आवळलं.

"वर्ना! कडेने धर, कडेने!" हार्लन ओरडला.

"नाही देणार! दर्जा हवाय ना तुला? घर वीक, मला वीक. तिला नाही पुसू द्यायची मी."

"पुसतंय कोण?" स्टाउफर म्हणाला. "अगं, तासभर मीच याच्या मागे लागलोय, डाग फिका करून देतो, भाव चढेल. हा बाटलीला हात लावू देत नाही. तांबं काळवंडतंय, त्यात रेघा बुडत चालल्यात म्हणतो. डबीत सीलबंद करून हवंय याला. डागासकट."

वर्नाने मूठ उघडली. बाईच्या गालावर, एडीचा अंगठा निम्मा झाकून, तिचा स्वतःचा घामेजला अंगठा उठला होता.

"मी काय करून बसले हे!" तिला रडू फुटलं.

"आण, आण इकडे!" स्टाउफरने कापूस भिजवला. "ताजा आहे, आत्ता निघेल. राहिला तर तोही कायमचा उमटेल. मग या नाण्याला कुत्रं विचारणार नाही."

हार्लनने बाटलीचं झाकण घट्ट लावलं. तिच्या तळव्यावरून त्याने नाणं उचललं, नेहमीसारखं, दोन बोटांत, कडेने. चाळीस वर्षांत त्याने कुठल्याच नाण्याच्या तोंडाला बोट लावलं नव्हतं.

"हात पाठीमागे धरून फिरायची गं ती," तो म्हणाला. "माझ्यामुळे."

मग त्याने आपला अंगठा त्या दोघींच्या शेजारी टेकवला आणि जोर लावून दाबला.