चौदा जणींचं एकमत

रुग्णालयाच्या धुलाईघरात काम करणाऱ्या पंधरा बायकांच्या मुलाखती वहीवाल्या ताईंनी घेतल्या. त्यांच्या पीएचडीचा सगळा डोलारा एकाच प्रश्नावर उभा होता: घरातले निर्णय कोण घेतं? पंधरापैकी चौदा जणींनी शब्दाला शब्द जुळावा तसं सांगितलं, "आम्ही दोघं मिळून ठरवतो." ताई हरखून गेल्या. घराघरांत समता आली आहे, असं ठासून लिहिलेलं प्रकरण घेऊन त्या मार्गदर्शक मॅडमकडे गेल्या.

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "ज्यांच्याबद्दल लिहिलंय, त्यांना एकदा वाचून दाखवा. मगच सही करीन."

दुसऱ्या दिवशी धुतलेल्या चादरींच्या ढिगाशेजारी स्टूल टाकून ताईंनी प्रकरण वाचायला घेतलं. दोन पानं होतात न होतात तोच बायका एकमेकींकडे बघून खुसुखुसू हसायला लागल्या. ताईंचा चेहरा खर्रकन उतरला.

"म्हणजे हे खरं नाही? मग चौदा जणींनी एकच उत्तर कसं दिलं?"

इस्त्रीवाल्या मावशींना त्यांची दया आली. त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली.



"अहो ताई, पहिल्याच दिवशी आमच्यातली एक खरं बोलली, 'सगळं नवराच ठरवतो' म्हणाली, तर 'का?', 'कधीपासून?', 'मग तुम्हाला काय वाटतं?' असं विचारत तुम्ही तिला दीड तास बसवून ठेवलंत; आणि 'दोघं मिळून' म्हटलं की दहा मिनिटांत सुटका होते."