मानाची जागा

बाबा गेल्यावर त्यांच्या नाण्यांचा दर्जा ठरवायला लेक माहेरी आली. धंदा तिचा तोच, आणि शिकवलाही बाबांनीच: नाणं कडेनंच धरायचं, आधी उंचवट्यांची झीज बघायची, मग मूळची झळाळी. मखमली पेटीत मधोमध ठेवलेलं चांदीचं नाणं तिनं भिंगाखाली धरलं आणि कपाळाला हात लावला. सगळीकडे बारीक ओरखडे होते. घासलेल्या नाण्याला दर्जा मिळत नाही. बाबा तर बोटाचा ठसाही खपवून घ्यायचे नाहीत. "हे कुणी घासलं, आई?" "मी," ती कौतुकानं म्हणाली. "नव्या नवरीचा उत्साह. लिंबानं लख्ख केलं होतं. हे बघतच राहिले, शब्दच फुटेना. मग म्हणाले, पेटीत यालाच मानाची जागा." आईनं नाणं निरखलं. "काळवंडलंय गं. पुन्हा घासून देऊ?" लेकीनं भिंग बाजूला ठेवलं आणि स्वयंपाकघरातून लिंबू कापून आणलं.