तीनशे बोंडं

डिंपलने लाल पेनने पहिलाच परिच्छेद खोडला, तेव्हा शालिग्राम सर हसले.

“तीस वर्षं मी पोरांच्या वह्या अशाच रंगवल्या. आता माही पाळी.”

ती पुण्यात पुस्तकांचं संपादन करायची. वडिलांचा लेख नीट करून द्यायला रविवारी जानेफळला आली होती. शेतीच्या एका मासिकाला तो पाठवायचा होता.

विषय शाळेचा जुना विज्ञान प्रकल्प. नववीतल्या एका विद्यार्थिनीने गावच्या शेतांतली बीटी कपाशीची तीनशे बोंडं फोडून पाहिली, एकातही जिवंत अळी सापडली नाही, असं लेखात होतं. त्या तक्त्याच्या भरवशावर सरांनी गावाला सांगितलं, बीटीचं विष अळीच्या अंगवळणी पडू नये म्हणून कडेने साध्या कपाशीच्या ओळी लावतात, त्यांची गरज नाही. बियाण्याच्या पिशवीसोबत येणारी साध्या बियांची पुडी लोकांनी फेकून दिली. पाच वर्षांनी गुलाबी बोंडअळीने अख्खं शिवार खाल्लं.

शेवटचं वाक्य होतं : ‘मोजणी चोख होती, अर्थ मी चुकीचा लावला.’

“हे काढा, बाबा.”

“काऊन?”

“लेख जड वाटते.”

“वाटू दे. खरं आहे ते.” त्यांनी चष्मा पुसला. “दोन वर्षं झाली, तोच तक्ता पाहून राह्यलो. चुकलो कुठं, तेच सापडत नाही. मोजणीत तर काही नसंल?”

“मी फक्त भाषा पाहून राह्यले.”

“भाषेनं पोट भरते का बाप-लेकीचं?” डिंपलची आई सत्यभामाबाई चुलीजवळून ओरडल्या. “भाकरी थंड होऊन राह्यली!”

डिंपलने पान उलटलं. “नाव नाही ना टाकलं?”

“नाही. लोक उगाच बोलतील. नववीतलं लेकरू, त्याचा काय दोष?”

तिने दोन स्वल्पविराम टाकले, एक शब्द बदलला आणि कागद परत दिले.

सोमवारी सकाळी अंघोळीचं पाणी काढताना सर खाली बसले, ते उठलेच नाहीत.

तेराव्यानंतर लेख डिंपलनेच पोस्टात टाकला. शेवटचं वाक्य तिने तसंच ठेवलं. तो छापून आला, तेव्हा शाळेने शोकसभा ठेवली आणि तिथे तो मोठ्याने वाचून दाखवला. वाचन संपताच उकंडराव उठले. बोंडअळीच्या वर्षी त्यांनी चार एकरांतली उभी कपाशी नांगरली होती.

“गेलेल्या माणसाले बोलू नये,” ते म्हणाले. “पण सरांनी कबूल केलं, हे बरं झालं. आमी कोनाच्या शब्दावर बुडालो, ते पोराबाळांले तरी समजंन.”

सत्यभामाबाईंनी पदर तोंडाला लावला.

डिंपल उभी राहिली. उकंडरावांकडे तिने पाहिलं नाही. समोर खुर्चीवर हार घातलेला वडिलांचा फोटो होता, त्याच्याकडे पाहत ती म्हणाली,

“बाबा, नववीत असताना तो तक्ता मी घरी बसून भरला. एकही बोंड फोडलं नव्हतं.”