भागीदाराची नक्कल

पैसे घालतो, पण सिनेमातला खलनायक तोच हवा, अशी अट वडिलांनी घातली आणि मुलीने ती मुकाट्याने मान्य केली. करते काय? तिचा ॲनिमेशन स्टुडिओ डबघाईला आला होता. निम्मे चित्रकार सोडून गेले होते आणि उरलेले तिच्या डोळ्यांदेखत दुसरीकडे अर्ज पाठवत होते.

तो म्हणजे वडिलांचा जुना भागीदार. दोघांचं घड्याळांचं दुकान अर्धं आयुष्य गुण्यागोविंदाने चाललं. मग गिऱ्हाइकांची कुरबुर सुरू झाली. दुरुस्तीला दिलेल्या महागड्या घड्याळांतले अस्सल भाग गायब व्हायचे आणि आत कुठला तरी फडतूस माल निघायचा. शेवटी भागीदाराच्या खणात अस्सल भागांची पुडी सापडली. वडिलांनी त्याला भरल्या दुकानात चोर म्हटलं. त्याने कानांवर हात ठेवले, पण ऐकून कोण घेतं? भागीदारी मोडली. वडिलांच्या वाट्याला दुकान आलं, त्याच्या वाट्याला बदनामी.

मुलीचा तो काका. त्याच्याच मांडीवर बसून ती चित्रं काढायला शिकली होती. त्याने असं करावं याची तिला इतकी चीड आली, की तिने त्याचे फोन घेणं बंद केलं. एकदा तो स्टुडिओच्या दारापर्यंत आला होता. ती आत असूनही नाही असं तिने सांगायला लावलं. तो खाली मान घालून निघून गेला, ते तिने काचेतून पाहिलं.

सिनेमा रखडला तो चोरीच्या प्रसंगावर. असा प्रसंग आधी कुणी तरी कॅमेऱ्यासमोर करून दाखवतो आणि मग चित्रकार त्या हालचाली पाहून चित्रं काढतात. सगळ्यांनी आळीपाळीने करून पाहिलं. कुणी पाकीटमार वाटला, कुणी विदूषक.

“सरका,” वडील म्हणाले. “त्याची लबाडी मी दाखवतो.”

ते टेबलाशी बसले. मुलीने कॅमेरा सुरू केला.

“आधी दाराला आतून कडी. मग पडदा. मग कामाला सुरुवात.”

त्यांनी भिंग डोळ्याला लावलं. तळहात पँटला पुसले. चिमट्याने एक बारीकसं चक्र उचललं, दिव्यासमोर धरलं, आणि त्यांची नजर क्षणभर विरघळली. खिशाकडे गेलेला हात थबकला, खाली वाकला आणि चक्र मोज्यात गेलं. नकली बसवताना खालचा ओठ दातांत धरला होता. झाकण लावून त्यांनी घड्याळ कानाशी नेलं आणि गालातल्या गालात हसले.

चित्रकारांनी टाळ्या वाजवल्या. एक जण म्हणाला, काका, तुम्ही चुकून दुकानदार झालात. वडील खुलले. कित्येक वर्षांत ते इतके मोकळे दिसले नव्हते. आता जगाला कळेल तो काय लायकीचा होता, असं म्हणत त्यांनी तिथल्या तिथे चेकवर सही केली आणि मुलीपुढे सरकवला.

तिने तो उचलला नाही. ती चित्रण पुन्हा पाहत होती. एकदा पाहिलं, मग थांबवून परत पाहिलं.

“बाबा,” ती स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाली, “दाराला कडी होती, पडदा ओढलेला होता. मग हे सगळं तुम्ही पाहिलंत कुठून?”