दाराच्या डावीकडे

आमच्या लोकांत दारातून आत आल्यावर डावीकडे पाण्याची घागर असते. येणारा वाकतो, बोटं बुडवतो आणि डोळ्यांना लावतो. आज घर बघायला गिऱ्हाईक येणार म्हणून दलालाने ती घागर माळ्यावर टाकली. सासूने विणलेला दाराचा पडदाही ओढून काढला. माझंच घर मला ओळख देईना.

"मावशी, तुम्ही कोणातल्या ते कळलं की घराला कोणी हात लावत नाही. तुम्ही फक्त गप्प बसा."

"तासाभराचा तर प्रश्न आहे, आई," लेक म्हणाला. हे विकलं तरच त्याला नोकरीच्या गावी घर घेता येणार होतं. मी दात आवळून बसले.

बाई आली. चपला काढून तिने आत पाऊल टाकलं, डावीकडे वाकली आणि रिकाम्या कोपऱ्यात हात घातला. दलालाला वाटलं, तिचं काही पडलं. ती चटकन सरळ झाली, पर्स सावरली आणि भिंती न्याहाळू लागली.

"इथे त्यांच्यातलं कोणी राहायचं का हो?"

"छे छे, मॅडम."

"मग हा वास कसला? रंग मारला तरी जात नाही ह्या लोकांचा वास."

लेक डोळ्यांनी मला विनवत होता. मी उठले आणि तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"पोरी, तुझ्या आईचा वास तू कशाने घालवलास?"